टुटू: परीचा फ्रॉक नव्हे, कामाचा कपडा

सुईदोरा
नमस्कार मंडळी. मी पुण्यात शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी आणि नृत्यवर्गांसाठी पोशाख शिवते. परीचे फ्रॉक तर आजवर शेकड्याने शिवले असतील. गेल्या महिन्यात एक आई ९ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी बॅले शिकते, तिला टुटू हवा होता. फोटोत दिसतो तसा, कमरेपासून ताटासारखा आडवा उभा राहणारा. मी हो म्हटलं. रविवार पेठेतून नेट आणलं, कमरेच्या पट्टीवर सहा थर चुण्या घालून बसवले, हँगरला टांगून ठेवला. तिसऱ्या दिवशी सगळा घेर खाली आला होता. तो टुटू राहिला नव्हता, वाढदिवसाचा फ्रॉक झाला होता.

मग तो उसवला आणि वाचायला बसले. दोन आठवडे दुसरं काही सुचलेलं नाही. हा कपडा मी आजवर सजावट समजत होते. पण त्याची जवळजवळ प्रत्येक कात्री कुणा ना कुणा नर्तकीच्या पायांच्या कामासाठी लागलेली आहे. तेच लिहिते, आणि शेवटी माझी अडचणही.

अठराव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरात बायका दरबारी पोशाखातच नाचत. आत घागरा फुगवणारे पिंजरे, वर जड रेशीम, जमिनीपर्यंत घेर. पाय दिसायचेच नाहीत. तिथल्या मारी कामार्गो या नर्तकीला हवेत उडी मारून पावलं एकमेकांवरून झपाझप फिरवता येत. ते तोवर पुरुषांचं काम मानलं जाई. तिने घागरा घोट्यापर्यंत वर घेतला. किती? काही बोटं. पण त्यावरून पॅरिसमध्ये गहजब झाला. तिची समकालीन मारी साले १७३४ मध्ये लंडनला पिंजरा काढून टाकून साध्या मलमलीच्या झग्यात, मोकळ्या केसांनी नाचली. एकीला उड्या दाखवायच्या होत्या, दुसरीला अंगाची वळणं. दोघींनी कात्री लावली ती स्वतःच्या कामाला अडणाऱ्या जागी.

मग १२ मार्च १८३२. पॅरिस ऑपेरा, 'ला सिल्फीद'. फिलिप्पो तालिओनी यांनी आपल्या मुलीसाठी, मारीसाठी, बसवलेलं नृत्य. ती वाऱ्याची परी. अंगाला घट्ट चोळी, खांदे उघडे, खाली पांढऱ्या पातळ कापडाचा घंटेसारखा घेर, गुडघ्याच्या खाली आणि घोट्याच्या वर संपणारा. हा पोशाख यूजीन लामीच्या नावावर सांगतात. आज आपण ज्याला रोमँटिक टुटू म्हणतो तो इथून सुरू होतो. आणि घोट्याच्या वरच का? कारण तालिओनी चवड्यांच्या टोकावर उभी राहत होती. तिच्या जोड्यात आजच्यासारखा कडक भाग नव्हता, टोकाला टाके घालून घट्ट केलेलं सॅटीन, बस्स. ते टोक दिसलं नाही तर परी तरंगते आहे हे कळणार कसं?

कापड होतं मलमल आणि तारलातान. तारलातान म्हणजे विरळ विणीचं सुती कापड, भरपूर खळ दिलेलं. आपल्याकडे खळ दिलेली सुती साडी कशी अंगापासून वेगळी उभी राहते, तसंच. गॅसच्या दिव्यांत ते धुक्यासारखं दिसायचं.

पुढचं लांडं होत जाणं इटालियन बायकांमुळे. मिलानच्या शाळेत तयार झालेल्या या नर्तकींचं तंत्र जबरदस्त होतं. व्हिर्जिनिया झुक्की १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आली. तिथला लांब घागरा पाहून, हा माझ्या आजीला शोभेल, मी घालणार नाही, असं ती म्हणाल्याची आठवण सांगितली जाते. तिने तो आखूड करून घेतला. १८९५ च्या 'स्वान लेक'मध्ये पिएरिना लेन्यानीने एका पायावर सलग ३२ फुएते घेतले, म्हणजे एक पाय चाबकासारखा फिरवत ३२ गिरक्या. गुडघ्याखाली घागरा असता तर तो पायात गुंडाळला गेला असता. घेर वर आणि आडवा गेला तो गिरक्यांसाठी.

आता माझी अडचण. घेर आडवा उभा राहतो कशावर? काही ठिकाणी आत तारेचं कडं असतं असं वाचलं. ९ वर्षांच्या मुलीला तार घालावी का? कुणी प्रत्यक्ष टुटू उलटा करून पाहिला आहे का?

टेम्सकाठी
सुईदोराताई, फार सुंदर धागा. मी लंडनला राहते. एका नाट्यगृहाच्या पोशाख विभागाची आतली फेरी काही वर्षांपूर्वी केली होती, तिथे जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगते.

टुटू तिथे हँगरला टांगत नाहीत. चड्डीच्या बाजूने धरून उलटे टांगतात, म्हणजे घेर छत्रीसारखा खाली न पडता वरच्या दिशेने राहतो. नाहीतर एकावर एक आडवे रचून ठेवतात. तुमचा टुटू बहुधा शिवण्याइतकाच टांगण्याने पडला.

दुसरं, घेर कमरेच्या पट्टीवर नसतोच. तो चड्डीवर शिवलेला असतो. मांडीच्या कडेपासून सुरुवात करून वर वर. सगळ्यात खालची झालर अगदी तोकडी, वरची त्याहून मोठी, आणि सगळ्यात वरची सर्वांत रुंद. १० ते १२ थर. खालच्या तोकड्या, दाट झालरी वरच्यांना टेकू देतात. कमरेपासून कुल्ह्यापर्यंत एक वेगळी घट्ट पट्टी असते, तिला बास्क म्हणतात, त्यामुळे घेर कमरेला न फुटता कुल्ह्यावर फुटतो. आणि चोळी स्वतंत्र. ती खालच्या भागाला काही ठिकाणीच पकडलेली असते, कारण हात वर गेला की छाती वर उचलली जाते, तेव्हा घेर सोबत वर यायला नको.

चेन कुठेही नाही. पाठीवर हुकांच्या दोन-तीन रांगा. एकच पोशाख वेगवेगळ्या मापांच्या मुलींना लागतो म्हणून, आणि चेन मध्येच निसटली तर रंगमंचावर काहीच करता येत नाही म्हणून. आतल्या बाजूला नावांच्या पट्ट्या शिवलेल्या होत्या, एकीखाली एक. जिने आधी घातला तिचं नाव तसंच, त्याखाली पुढचीचं. मला ते पाहून भरून आलं.

कापडबाजार
नेटबद्दल मी बोलू शकतो. आमची तीन पिढ्यांची मुंबईत कापडाची दलाली.

ट्यूल हे नाव फ्रान्समधल्या ट्यूल गावावरून. पण ज्या जाळीमुळे टुटू शक्य झाला ती यंत्राची. जॉन हीथकोट नावाच्या इंग्रज कारागिराने १८०८-०९ मध्ये बॉबिनेट यंत्राची पेटंटं घेतली. त्याआधी जाळी म्हणजे उशीवर टाचण्या लावून हाताने विणलेली लेस, वीतभर कापडाला दिवस लागायचे. या यंत्राने षट्कोनी घरांची जाळी यार्डच्या यार्ड निघू लागली. १८१६ मध्ये लडाइट लोकांनी लफबरो इथल्या त्याच्या कारखान्यात घुसून यंत्रं फोडली. हातकाम गेलेल्या माणसांचा तो राग होता, आमच्या धंद्यातल्या कुणालाही तो समजेल. हीथकोट डेव्हन परगण्यातल्या टिव्हर्टनला गेला, आणि त्याचे बरेच कामगार पायी चालत त्याच्या मागे गेले. ती गिरणी आजही चालू आहे. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स यानाच्या हवाई छत्रीचं कापड तिथलंच.

षट्कोन महत्त्वाचा आहे. चौकोनी जाळी कर्णाच्या दिशेने ओढली की लगेच लांबते. षट्कोनी जाळीत ताण सगळीकडे वाटला जातो, म्हणून ती वजनाला हलकी असून आकार धरते.

सुईदोराताई, तुम्ही कुठलं नेट घेतलंत? बाजारात सॉफ्ट नेट, हार्ड नेट आणि लेहंग्याखाली लावतात ते कॅन-कॅन असं तिन्ही मिळतं. आणि ट्यूल जुन्या काळी रेशमाची किंवा सुताची होती. आजचा टुटू नायलॉनवर उभा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनची जाळी आली आणि खळीची गरज संपली.

अनवट
लेख आवडला, पण मूळ मुद्दा मला अर्धाच पटतो. प्रत्येक कात्री पायांच्या कामासाठी लागली म्हणताना तो घागरा कोण पाहत होतं हे सुटतं.

एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिस ऑपेराचे वर्षाचे पास घेणारे श्रीमंत पुरुष, आबोने, यांना रंगमंचामागच्या नाचाच्या दालनात जायची मुभा होती. तिथे मुली अंग मोकळं करत असत आणि हे गृहस्थ काळ्या कोटात उभे राहून निवड करत. चित्रकार देगाच्या चित्रांत ते काळे कोट दिसतात, कधी पडद्याआड अर्धे कापलेले. 'टुटू' हा शब्दच बघा. फ्रेंचमध्ये पार्श्वभागासाठी लहान मुलांच्या बोलीत जो शब्द आहे त्याचंच हे लाडिक रूप, असं बहुतेक कोशांत दिलेलं असतं. १८८१ च्या सुमारास तो छापलेला सापडतो. शब्द आधी आतल्या चड्डीवजा परकराला होता, मग सगळ्या घेराला चिकटला.

त्याच १८८१ मध्ये देगाने 'चौदा वर्षांची छोटी नर्तिका' हा पुतळा प्रदर्शनात मांडला. मेणाचा, खरे केस, खरी चोळी, खरा टुटू. समीक्षकांनी त्या मुलीचा चेहरा माकडासारखा आहे, गुन्हेगारी वळणाचा आहे, असं लिहिलं. ती मारी व्हान गोथेम, एका धोबिणीची मुलगी. पुढच्याच वर्षी तिला ऑपेरातून काढलं. जगभरच्या संग्रहालयांत आज ब्राँझच्या प्रती आहेत. त्या देगाच्या मृत्यूनंतर ओतलेल्या आणि प्रत्येकीचा टुटू वेगळ्या लांबीचा, कारण मूळ कसा होता यावर एकमत नाही. त्या मुलीचं पुढे काय झालं याचा माग कुणी ठेवला नाही. तिच्या घाघऱ्याची लांबी किती असावी यावर मात्र तज्ज्ञ अजून चर्चा करतात.

सुईदोरा
अनवट, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. बरोबर आहे, 'प्रत्येक' हा शब्द मी मागे घेते. पण एक सांगा, पाहणाऱ्याची नजर होती म्हणून करणारीची गरज खोटी ठरते का? झुक्कीने आखूड घागरा मागितला तो वरच्या बॉक्समधल्यांसाठी, हे मानायला माझं मन तयार नाही. तिच्यासारखी बाई स्वतःच्या अटींवर करार करत होती. मारी व्हान गोथेमला अटी घालताच येत नव्हत्या. दोघींचा कपडा एकच.

धोबिणीची मुलगी, हे माहीत नव्हतं. तारलातानला खळ देणारे हातही कुणाचे तरी असणारच.

कापडबाजार दादा, मी हार्ड नेट समजून कॅन-कॅन घेतलं. ते मुलीच्या मांडीला टोचलं असतं ना?

कापडबाजार
टोचलं असतं, लाल वळ उठले असते. वरच्या थरांना मध्यम कडक, मांडीजवळच्या दोन-तीन झालरींना सॉफ्ट नेट वापरा.

रसायनवाला
निवृत्त रसायन अभियंता. नृत्यातलं मला कळत नाही. पण खळ दिलेलं विरळ सुती कापड आणि गॅसचे उघडे दिवे, हे वाचून बसवेना. म्हणून ही बाजू लिहितो.

विरळ विणीचं सूत म्हणजे सेल्युलोज आणि भोवती भरपूर हवा. पेटायला याहून चांगली रचना करता येणार नाही. त्यात थरांवर थर, मध्ये हवेचे कप्पे. ठिणगी पडली की काही सेकंदांत संपूर्ण घेर. १८४४ च्या डिसेंबरात लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरमध्ये क्लारा वेबस्टर रंगमंचावर प्रेक्षकांसमोर पेटली आणि वारली. १८६१ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियाच्या काँटिनेंटल थिएटरमध्ये एकीचा पोशाख पेटला, वाचवायला धावलेल्यांचे पेटत गेले, किमान सहा जणी गेल्या. त्यात गेल आडनावाच्या सख्ख्या बहिणी होत्या.

आणि एम्मा लिव्री. मारी तालिओनीची शिष्या. तालिओनीने तिच्यासाठी १८६० मध्ये 'ल पापियाँ', म्हणजे फुलपाखरू, बसवलं, संगीत ऑफेनबाखचं. १५ नोव्हेंबर १८६२ ला एका ऑपेराच्या तालमीत तिने बसताना घागरा चुरगळू नये म्हणून फुलवला. त्याच्या वाऱ्याने शेजारच्या गॅसच्या दिव्याची ज्योत कापडाला लागली. ती रंगमंचभर धावली. अग्निशामकाने ओलं घोंगडं टाकेपर्यंत फार उशीर झाला होता. आठ महिने ती वेदनेत जगली. २६ जुलै १८६३ ला गेली. तेव्हा ती विशीत होती.

यातली माझ्या क्षेत्राची गोष्ट अशी, की उपाय उपलब्ध होता. गे-ल्यूसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२१ मध्येच क्षारांच्या द्रावणात कापड बुडवून ते न पेटणारं करायच्या पद्धती मांडल्या होत्या, आणि काम सोपवलं होतं ते नाट्यगृहांच्या कापडासाठीच. असे क्षार असले की सूत तापल्यावर ज्वाळा न धरता कोळशासारखं करपतं. १८५९ च्या नोव्हेंबरात फ्रान्सच्या बादशहाचा हुकूमही निघाला, की पोशाख आणि नेपथ्य कार्टरॉन नावाच्या माणसाच्या पद्धतीने अशा द्रावणात बुडवून घ्यायचं. पण त्या द्रावणाने कापड ताठ, पिवळट आणि जड होई. नर्तकींनी नकार दिला. लिव्रीने १८६० मध्ये लेखी कळवलं, की मी माझ्या नेहमीच्याच घागऱ्यात नाचेन.

तिचा नकार मला मूर्खपणा वाटत नाही. जे कापड तरंगत नाही ते घालून फुलपाखरू कसं व्हायचं? दोष त्या रसायनाचा, ते तिच्या कामाला चालेल असं कुणी बनवलं नाही. पाण्यात विरघळणारे क्षार असल्याने प्रत्येक धुण्यानंतर पुन्हा बुडवावं लागे, हा आणखी एक त्रास. वापरणाऱ्याच्या कामाचा विचार न करता केलेली सुरक्षितता माणसं झुगारतात, हे मी कारखान्यात ३० वर्षं पाहिलं आहे.

तिच्या पोशाखाचे जळके तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात एका लहान पेटीत ठेवलेले आहेत.

सुईदोरा
रसायनवाला काका, वाचून हात थांबले. आज मशीनवर बसलेच नाही.

नूपुरा
मी भरतनाट्यम् शिकवते, ठाण्याला. एक जोडते, कारण पावलोवाचं नाव अजून कुणी घेतलं नाही.

नृत्यरचनाकार फोकिनने रशियन नर्तकी ॲना पावलोवासाठी जो मरणाऱ्या हंसाचा नाच बसवला, तो टुटूतला जगातला सर्वांत प्रसिद्ध नाच. पिसांनी मढवलेला पांढरा घेर. तो जेमतेम काही मिनिटांचा आहे आणि त्यात ३२ गिरक्या वगैरे काही नाही. फक्त हात, पाठ आणि चवड्यांवरची बारीक पावलं. शेवटी ती जमिनीवर दुमडते तेव्हा घेर तिच्यावर पसरतो. तिथे टुटू पाय दाखवत नाही, तो पंख होतो. म्हणून सुईदोराताईंच्या मुद्द्याला मी एवढंच जोडेन, की कामात अभिनयही येतो.

ही पावलोवा भारतात येऊन गेली, मुंबईतही नाचली. १९२३ मध्ये लंडनला तिने उदय शंकर यांच्यासोबत राधा-कृष्ण केलं, तेव्हा टुटू बाजूला ठेवून. रुक्मिणीदेवी अरुंडेल तिच्याकडे ओढल्या गेल्या, तिच्या मंडळातल्या क्लिओ नॉर्डीकडून बॅले शिकल्या. पावलोवाने त्यांना सुचवलं ते आपल्या देशातल्या नृत्याकडे बघायला. पुढे १९३६ मध्ये रुक्मिणीदेवींची कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था उभी राहिली. आणि आपल्या जवळची मेनका, म्हणजे लीला सोखे. पती साहेबसिंग सोखे मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक. तिलाही पावलोवाकडून प्रोत्साहन मिळालं. तिने कथक मंचावर आणलं, युरोपचे दौरे केले, आणि खंडाळ्याला नृत्यालयम् काढलं. बॅलेची एवढी मोठी राणी इथे आली आणि इथल्या मुलींना टुटू न देता त्यांच्याच नाचाकडे वळवून गेली, याबद्दल मला तिचा फार आदर आहे.

शिवणाऱ्यांसाठी एक निरीक्षण: आमच्या पोशाखात पुढे चुण्यांचा पंखा असतो. तो उभं राहिल्यावर मिटलेला आणि अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसल्यावर, उघडतो. टुटूत मांडी कुल्ह्यातून बाहेर वळलेली दिसावी म्हणून घेर वर जातो. दोन्हीकडे कपडा कुल्ह्याच्या सांध्यासाठी बेतलेला आहे.

न्यूजर्सीकर
फॅशनची बाजू मी लिहिते. मी इथे कपड्यांच्या धंद्यातच आहे. २०२० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या एफआयटी या फॅशन महाविद्यालयाच्या संग्रहालयात बॅलेरिना आणि फॅशन यावर प्रदर्शन लागलं होतं, पॅट्रिशिया मिअर्स यांनी मांडलेलं. महिन्याभरात कोविडने सगळं बंद झालं, त्याआधी मी दोनदा जाऊन आले.

फॅशनने उचल फार लवकर केली. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये 'ला सिल्फीद' नावाचं फॅशनचं मासिकच निघालं. तालिओनीच्या नावाने ओव्हरकोटही होता! पण खरी गळामिठी विसाव्या शतकात. युद्ध संपल्यावर १२ फेब्रुवारी १९४७ ला क्रिस्तियाँ डिओरने जो संग्रह दाखवला, ज्याला पुढे न्यू लुक म्हटलं गेलं, त्याची छबी बघा. घट्ट चोळी, चिमटीत मावेल अशी कंबर, त्याखाली पोटरीपर्यंत फुललेला घेर, घोटे उघडे. हा रोमँटिक टुटूच, लोकरीत आणि रेशमात. आत ट्यूलचे थर होते, नाहीतर तो घेर उभा राहिला नसता. डिओर त्याच वर्षी रोलाँ पेतीच्या बॅलेसाठीही पोशाख करत होता. आणि मार्गो फाँटेन त्याची गिऱ्हाईक होती. म्हणजे नर्तकी डिओर घालत होती आणि डिओर नर्तकीवरून कापत होता.

तिथून तो घेर उतरला पन्नाशीच्या पार्टी फ्रॉकमध्ये, पाश्चात्त्य वधूवेषात, आणि नायलॉनच्या ताठ परकरात. आपल्या लेहंग्याखालचं कॅन-कॅन त्याच कुळातलं आहे. नाव पॅरिसच्या दुसऱ्या नाचाचं, काम मात्र तेच: वरच्या कापडाला खालून जाळीचा टेकू.

मग १९९८. 'सेक्स अँड द सिटी' या मालिकेच्या सुरुवातीला नायिका न्यूयॉर्कच्या रस्त्यावर ज्या पांढऱ्या थरांच्या झालरीत चालते, ती वेशभूषाकार पॅट्रिशिया फील्ड यांना ५ डॉलरला एका टोपलीत मिळाली होती. २०२४ च्या जानेवारीत ती लिलावात ५२,००० डॉलरला गेली. २०१० च्या वसंत संग्रहात व्हिक्टर अँड रॉल्फने ट्यूलच्या भल्याथोरल्या घेरांना आरपार भोकं पाडून दाखवली, करवतीने कापल्यासारखी. थरांची जाडी तिथे बाजूने दिसली. मॉली गोडार्डचा गुलाबी ट्यूलचा फ्रॉक २०१८ मध्ये एका मालिकेतल्या मारेकरी बाईने जड बुटांवर घातला आणि गाजला.

तरी सगळ्यांत माझा आवडता टुटू सेरेना विल्यम्सचा. बाळंतपणानंतर रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होता म्हणून तिने २०१८ च्या फ्रेंच ओपनला पूर्ण अंगभर घट्ट पोशाख घातला. फ्रेंच टेनिसच्या अध्यक्षांनी जाहीर सांगितलं, असले कपडे पुढे चालणार नाहीत. त्यानंतर लगेच यूएस ओपनला ती व्हर्जिल ॲब्लोने केलेल्या काळ्या, एका खांद्याच्या पोशाखात उतरली. कमरेखाली ट्यूलचा टुटू. आणि त्यात ती धावली, सर्व्हिस केली, सामने जिंकली. सुईदोराताई, कामाचा कपडा म्हणता ना, रंगमंच सोडून तो पुन्हा कामाला लागलेला मी तिथे पाहिला.

अनवट
सेरेनाचं उदाहरण चपखल. आणि नजरेचा मुद्दाही त्यातच आहे, काय घालायचं हे अध्यक्ष ठरवू पाहत होते. मी माझं म्हणणं सोडत नाही, पण सुईदोराताईंचं 'दोघींचा कपडा एकच' हे वाक्य माझ्यासोबत राहील.

पाचवी पोझिशन
उशिरा आले. मी मुंबईत मुलांना बॅले शिकवते. मूळ प्रश्नाचं उत्तर अजून राहिलंय म्हणून.

९ वर्षांच्या मुलीला तार घालू नका. तारेचं कडं साधारण मधल्या थरात ओवतात, मोठ्या नर्तकींच्या ताटासारख्या टुटूत. त्याचा त्रास मोठ्यांनाही होतो. एका बाजूला धक्का लागला की दुसरी बाजू वर उचलली जाते. पुरुष जोडीदार मागे उभा राहून कंबर धरतो तेव्हा घेराच्या कडेमुळे त्याला तिचा पाय दिसत नाही, अंदाजाने काम करावं लागतं.

हीच अडचण नृत्यदिग्दर्शक बॅलन्शीनला आली होती. त्याच्या 'सिम्फनी इन सी' या बॅलेच्या शेवटी मंचावर ५० च्या आसपास नर्तक असतात. तारेचे टुटू एकमेकांवर आपटून वरखाली व्हायला लागले. तेव्हा त्याचे पोशाख करणाऱ्या बार्बरा कारिन्स्काने, मूळची खारकीवची, १९५० मध्ये तार काढूनच टाकली. थर सहा-सातच ठेवले, आखूड, प्रत्येक थर खालच्यावर सैल टाक्यांनी पकडलेला. घेर ताटासारखा न राहता किंचित खाली झुकतो, पावडर लावायच्या पफसारखा. म्हणून त्याला पावडर पफ टुटू म्हणतात. आज अमेरिकेत तोच रूढ आहे. हिलाच त्याआधी जोन ऑफ आर्कवरच्या चित्रपटाच्या पोशाखांसाठी ऑस्करही विभागून मिळालं होतं.

तुमच्या मुलीला हाच शिवा. चड्डीवर सहा झालरी, खालून वर वाढत जाणाऱ्या. मग सगळ्यात महत्त्वाचं काम हाताचं: थराथरांमधून दुहेरी दोऱ्याने अर्ध्या बोटाचे सैल टाके, गोल फिरत. घट्ट ओढलेत तर घेर गोळा होईल, फार सैल ठेवलेत तर पुन्हा लोंबेल. टाका घालताना टुटू टेबलावर उलटा ठेवा.

सुईदोरा
पाचवी पोझिशन ताई, टेम्सकाठी, कापडबाजार दादा, तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे. टुटू झाला, म्हणून लिहिते.

सहा झालरी. खालच्या दोन सॉफ्ट नेटच्या, वरच्या चार मध्यम. सर्वांत खालची चार बोटं रुंद, वरची एक वीत आणि दोन बोटं. कुल्ह्याची पट्टी सुती ड्रिलची, चोळी साटीनची, आत मऊ अस्तर. पाठीला हुकांच्या दोन रांगा, दीड इंचाच्या अंतराने, म्हणजे पुढच्या वर्षीही बसेल. हाताच्या टाक्यांना तीन रात्री लागल्या. पहिल्या रात्री दोरा ओढला गेला आणि एक बाजू चिमटली, ती सगळी उसवली. काका, तुमचं वाचल्यापासून मी देवघरातलं निरांजन शिवणाच्या खोलीपासून लांब ठेवते. मुलीच्या आईलाही सांगितलं, वाढदिवसाच्या मेणबत्त्यांजवळ हा घालायचा नाही.

पाच दिवस उलटा टांगून ठेवला होता. घेर जागचा हलला नाही.

आज संध्याकाळी मुलगी आली. घातल्यावर तिने आधी आरशात नाही पाहिलं. खाली पाहिलं, आणि म्हणाली, "मावशी, पाय कुठे गेले?" वरून तिला घेरच दिसत होता. मग आरशासमोर टाचा जुळवून उभी राहिली, गुडघे वाकवले, सरळ केले, पुन्हा वाकवले. आठ-दहा वेळा तरी, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत. तिच्या आईने तीनदा हाका मारल्या तेव्हा निघाली.

आतल्या बाजूला नावाची पट्टी लावली आहे. तिच्या नावाखाली दोन ओळी रिकाम्या ठेवल्या आहेत.